वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या फळ्या आणि फोडणीचा ओटा

प्रश्न : आम्ही ऑस्टिनजवळ १९९६ साली बांधलेले घर नुकतेच विकत घेतले. स्वयंपाकघरातील कपाटे गडद तपकिरी आहेत आणि भिंती पिवळट. मला ‘मॉडर्न फार्महाउस’ पद्धतीची, म्हणजे जुन्या शेतघराच्या धर्तीवरची सजावट फार आवडते. यजमानांना तर प्रत्येक भिंतीवर पांढऱ्या फळ्या आणि दिवाणखान्यात जुन्या कोठाराचे लाकूड हवे आहे. आमच्याकडे रोज फोडणी होते, घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि खर्चाला मर्यादा आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)

उत्तर : सुरुवात चिमणीपासून करावी. प्रश्न सजावटीचा असताना हे उत्तर विचित्र वाटेल, परंतु आपल्या स्वयंपाकघरात पांढरा रंग किती दिवस पांढरा राहील हे रंगाच्या डब्यावर नव्हे, तर धूर कोठे जातो यावर ठरणार आहे. अमेरिकेतील अनेक घरांत शेगडीच्या वर जो मायक्रोवेव्ह बसवलेला असतो, तो बऱ्याचदा धूर बाहेर न टाकता जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. अशा घरात उघड्या फळीवर मांडलेल्या बरण्या चार महिन्यांनी उचलून पाहाव्यात. बरणीखाली स्वच्छ गोल उमटलेला असतो आणि भोवती बोटाला चिकटणारा पिवळसर थर. आपल्याकडे असाच मायक्रोवेव्ह असेल, तर नळीवाटे हवा थेट घराबाहेर टाकणाऱ्या चिमणीवर पहिला खर्च करावा. उघड्या फळ्या शेगडीपासून दूर ठेवाव्यात आणि त्यांवर रोज वापरून रोज धुतली जाणारी भांडीच मांडावीत.

आता फळ्यांविषयी. ही पद्धत घरोघरी पोचवण्यात टेक्सासमधील वेको या गावच्या चिप आणि जोआना गेन्स या दांपत्याचा मोठा वाटा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘फिक्सर अपर’ या त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे ‘शिपलॅप’ हा सुतारांचा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. शिपलॅप म्हणजे दोन्ही कडांना खाच पाडून एकीची कड दुसरीवर बसेल अशा तयार केलेल्या फळ्या. टेक्सासमधील जुन्या लाकडी घरांत त्या सांगाड्यावर आडव्या ठोकत, त्यांवर पातळ कापड ताणून बसवत आणि त्या कापडावर भिंतीचा कागद चिकटवत. म्हणजे आज जे मिरवले जाते ते मुळात झाकण्यासाठीच होते, आणि कागद सोलल्यावर दिसणाऱ्या त्या फळ्यांचे सौंदर्य त्यांच्या वयात होते. आपल्या घराच्या भिंती जिप्समच्या तयार पत्र्यांच्या असणार. त्यांवर सगळीकडे नव्या फळ्या लावल्या, तर घर जुने दिसणार नाही, फक्त खोल्या लहान दिसतील. यजमानांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, एकच भिंत निवडावी. शेकोटीची भिंत किंवा प्रवेशद्वाराजवळील, जेथे कोट आणि दप्तरे अडकवण्यासाठी खुंट्या लागतात, ती भिंत उत्तम. दोन फळ्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून तेथील सुतार पाच सेंटचे ‘निकेल’ नाणे मध्ये धरतात; त्याची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते. हीच फट शेगडीमागे तेल आणि हळद धरून ठेवते, म्हणून तेथे फळ्या मुळीच नकोत, साध्या पांढऱ्या टाइल्स ओट्यापासून वरपर्यंत लावाव्यात. ओलसर जागी एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्या फुगतात, हेही ध्यानात असू द्यावे.

कोठाराच्या जुन्या लाकडाबाबत मात्र मी कळकळीने सावध करते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. आपले घर त्यानंतरचे असले, तरी विकत आणलेली फळी कधी आणि कशाने रंगवली गेली, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. रंगाचा अंश असलेल्या फळीचा कपचा प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ती घरात आणू नये, आणि घरात पॉलिशपेपरने घासण्याचा तर विचारही करू नये, कारण शिशाची धूळ जमिनीवर बसते आणि तीन वर्षांचे मूल जमिनीवर खेळून हात तोंडात घालते. शिवाय जुन्या लाकडात भुंगेरे असू शकतात, म्हणून भट्टीत वाळवलेलेच लाकूड मागावे.

या पद्धतीत पुढून उघडे दिसणारे खोल सिंक आवर्जून बसवतात. शेतघरात नळ नसताना पाणी भरून आणावे लागे, म्हणून ते खोल आणि रुंद असे. आपल्या कुकरला आणि कढईला ते सोयीचे आहे, परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. फायरक्लेचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीचे मोठे सिंक रिकामेच शंभर पौंडांच्या आसपास भरते, त्यामुळे खालच्या कपाटाला वेगळा आधार द्यावा लागतो. दुसरे म्हणजे, अमेरिकेतील ओटा साधारण ३६ इंच उंच असतो आणि सिंक दहा इंच खोल असेल, तर तळ २६ इंचांवर येतो. रोज भांडी घासणाऱ्या व्यक्तीने विकत घेण्यापूर्वी दुकानात तेवढे वाकून पाहावे. लोखंडी तवा निसटला तर टवका उडतो, म्हणून तळाशी जाळी ठेवावी.

रंग निवडताना किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा घ्यावा आणि तो दोन फुटी पुठ्ठ्यावर लावून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. दिवे २७०० केल्विनचे घ्यावेत (हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो आणि दिव्याच्या खोक्यावर असतो), ४००० च्या पुढे गेलात की तोच रंग निळसर, दवाखान्यासारखा दिसू लागतो. सध्याची कपाटे भक्कम असतील, तर ती मोडू नयेत. तेलकटपणा काढून, प्रायमर देऊन रंगवावीत.

शोभेसाठी दुकानातून बैलगाडीचे खोटे चाक किंवा ‘फार्म’ असे लिहिलेली पाटी आणू नये. आईचा तांब्याचा हंडा, सागवानी पाट, पितळी डबे यांपैकी काही आपल्याकडे असेल, तर तीही शेतकरी घरातून आलेली, हाताने झिजलेली वस्तू आहे. तांब्याचा रंग पांढऱ्या भिंतीपुढे किती खुलतो, हे एकदा मांडून पाहा.

प्रश्न : सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांच्या खोलीतील न्हाणीघराला रुळावर सरकणारे कोठारी दार बसवावे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बसवू नये. हे दार भिंतीबाहेरून सरकते, त्यामुळे कडेला फट राहते आणि आवाज व वास अडत नाही. वडीलधाऱ्यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. आपला आवाज बाहेर जाईल या संकोचाने ती माणसे अवघडून जातात आणि बोलतही नाहीत. शिवाय जड दार ओढायला मनगटात जोर लागतो. तेथे बिजागरीचे साधे दार आणि बोटांनी सहज दाबता येईल अशी दांडीची मूठ ठेवावी. सरकते दार हवेच असेल, तर ते कोठीच्या खोलीला लावावे. दाराची रुंदी चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना किमान दोन इंच जास्त असावी, आणि रुळ जिप्समच्या पत्र्यात न ठोकता, आतील उभ्या लाकडी खांबांना पक्क्या केलेल्या आडव्या फळीवर बसवावा. हे खांब बहुधा १६ इंचांच्या अंतराने असतात, पण दर वेळी शोधक यंत्राने जागा पाहूनच भोक पाडावे.