आधी किती होतं?

चरई, ठाणे
रविवार, रात्री

पोरी,

तू गेलीस आणि मी कप विसळायला घेतले, पण डोक्यातून तुझं ते वाक्य जाईना. "काकू, एका पुस्तकात रक्तातलं पोटॅशियम ५.० पर्यंत नॉर्मल दिलंय, दुसऱ्यात ५.५ पर्यंत. मी कुठलं लिहू?" आणि मग रडू. नर्सिंगच्या मेड-सर्जच्या (मेडिकल-सर्जिकलच्या) पेपरला नऊ दिवस राहिलेत, माझ्या पलंगभर चार रंगांच्या हायलायटरनी रंगवलेल्या वह्या पसरलेल्या, आणि तू अर्ध्या पॉइंटासाठी रडतेस. मी चिडले. माझ्या आवाजानं तू दचकलीस, तेही दिसलं मला. म्हणून लिहिते. कागदावर मी जरा बरी असते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. तुमच्या कॉलेजात जे पुस्तक चालतं त्यातला आकडा लिही आणि पुढे जा. जागरण करू नकोस, वेळेवर जेव वगैरे तुझी आई सांगेलच, आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगेल.

मला बोलायचंय ते वेगळं. समज, तुझ्या वॉर्डात दोन पेशंट आहेत, दोघांचंही पोटॅशियम ५.२. एकाचं काल ६.४ होतं, सकाळी डायलिसिस होऊन आलाय. दुसऱ्या बाईंचं काल ४.१ होतं आणि रात्रीपासून लघवी कमी झालीय. आकडा एकच. पहिल्याच्या बेडवरून तू पुढे जाशील. दुसरीपाशी थांबशील, डॉक्टरांना फोन करशील, ईसीजीत टी वेव्ह उंच टोकदार होतेय का, म्हणजे पोटॅशियम हृदयाला त्रास देतंय का, ते बघायला लावशील. आता सांग, ५.० की ५.५ यानं काय फरक पडला? विचारायचं होतं ते एवढंच, आधी किती होतं?

पत्र इथेच मिटलं तरी चालण्यासारखं आहे. पण तू मला ओळखतेस.

हा प्रश्न मला कुठल्या मॅडमनी शिकवला नाही. माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं, सर्जिकल वॉर्ड, नाइट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. बेचाळीस बेड, शिवाय खाली गाद्या घातलेले सात-आठ, आणि आम्ही दोघी. त्यात एक काका होते, त्याच दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेले. दर दोन तासांनी नाडी-बीपी घ्यायचं. घेतलं मी. रात्री दहाला नाडी ८४, बीपी १२४/८०. बाराला ९२ आणि १२२/८४. दोनला १००, १२०/९०. चारला ११२, ११८/९४. वहीत सुवाच्य अक्षरात आहेत हे आकडे. प्रत्येक वेळी मी बीपीचा वरचा आकडा बघितला, चांगलाय म्हटलं आणि पुढच्या बेडवर गेले. टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास यांचा) ग्राफ सकाळी भरू म्हणून ठेवून दिला होता. सगळ्याच तसं करायच्या.

चारच्या फेरीत ते म्हणाले, "सिस्टर, घोटभर पाणी द्या ना. आणि पंखा वाढवा, जीव घाबरतोय." मी म्हणाले, "ऑपरेशन झालंय ना, पाणी नाही मिळणार. झोपा गपचूप."

सव्वापाचला बीपी ८०. त्यांना परत थिएटरात घेतलं. पोट रक्तानं भरलेलं होतं. ड्युटी संपल्यावर आठ वाजता मी तो ग्राफ भरायला बसले. चार ठिपके टाकले, जोडले. जिना होता तो. नाडीचा लाल जिना, एकेक पायरी वर. शाळकरी पोराला दाखवला असता तरी तो म्हणाला असता, हे वर चाललंय.

तिसऱ्या दिवशी काका गेले. चौकशी झाली. नर्सिंगच्या नोंदी वेळेवर आणि पूर्ण आहेत, असा शेरा आला. मला कोणी एक शब्द बोललं नाही.

आता मी तुला सांगू शकते की पन्नास पेशंट होते, एक मूल तापानं झटके देत होतं, मॉनिटर अख्ख्या मजल्यावर एकच होता. खरंच आहे ते. दुसरी कोणी असती तर तिनं चार वेळा बीपी घेतलंही नसतं, सकाळी बसून एकदम भरलं असतं, हेही खरं. इतकी वर्षं मी हे स्वतःला सांगत आलेय. पण मी घेतलं होतं गं. चारही आकडे माझ्या हातात होते आणि मी ते शेजारी ठेवून बघितले नाहीत. माहिती नसणं वेगळं. माझ्याकडे ती होती.

म्हणून शॉकचा, म्हणजे रक्त गेल्यानं शरीराला पुरवठा कमी पडतो त्याचा, प्रश्न तू रंगीत पेनानं पाठ केलेला मला बघवत नाही. 'बीपी कमी होतं' हे पहिल्या ओळीत लिहिलंयस तू. खोड. रक्त वाहायला लागलं की शरीर आधी लपवतं. नाडी वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून त्वचा गार आणि घामट. आवळल्यामुळे बीपीचा खालचा आकडा वर सरकतो, वरचा बराच वेळ टिकून राहतो, आणि दोघांतलं अंतर कमी होत जातं. काकांचं बघ, ४४, ३८, ३०, २४. शरीरातलं साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा तुला फसवू शकतो. तहान, अस्वस्थपणा, 'जीव घाबरतोय' ही तक्रार, आणि तासाला ३० मिलीच्या खाली गेलेली लघवी, ही सगळी बीपीच्या आधी येतात. पुस्तकात हे सगळं आहे, मीही पाठ केलं होतं, मला त्यात चांगले मार्कही होते.

आणि याच्याच शेजारी डोक्यातला दाब वाढलेला पेशंट काढ. तिथं उलटं. नाडी खाली जाते, वरचं बीपी वर, अंतर रुंदावतं, श्वास वेडावाकडा होतो. दोन ग्राफ एका पानावर काढलेस की जन्मात विसरणार नाहीस. या लक्षणांना कुशिंगचं नाव आहे, ते लिहायला विसरलीस तरी एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) तुला सोडेल. तसंच जीसीएस, पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे १५ पैकी गुण. १५ चं १३ झालं तर तू वहीत काय लिहिशील? 'सौम्य'. १३ ते १५ सौम्य असंच छापलंय ना! पण दोन तासांपूर्वी गप्पा मारणारा माणूस आता तारीख चुकतोय, दोन पॉइंट खाली आलाय. सौम्य कसलं डोंबलाचं.

डेंग्यूचं सांगते, कारण तुझ्या ऐरोलीत आणि माझ्या ठाण्यात पावसाळा सुरू झाला की जो तो एकच विचारतो, प्लेटलेट किती? नातेवाईक विचारतात ते ठीक. नर्सनं तेवढंच विचारू नये. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, घरचे खूश होतात, पेशंट डबा मागवतो, आणि नेमका तिथेच धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो, आतलं रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, वर जातं. समज, एका तरुणाचं पहिल्या दिवशी ४० होतं, आज ४८ आहे. पुरुषांच्या नॉर्मलमध्ये दोन्ही बसतात. लॅबच्या कागदावर कुठंही लाल खूण येणार नाही. पण मूळ आकड्यापेक्षा वीस टक्के वाढ झालीय ती. त्यात पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, असं असेल तर ताप उतरल्याचे पेढे वाटायचे नसतात. आता सांग, पहिल्या दिवसाचा रिपोर्ट कुठे ठेवलास?

बघ, परत तेच. कंटाळलीस? मी वॉर्ड इन्चार्ज झाल्यावर नव्या मुलीही कंटाळायच्या. मागून मला 'ठिपकेवाली' म्हणायच्या. ग्राफ बेडपाशीच भरायचा, सकाळी नाही, हा माझा हट्ट होता. ओव्हर देताना (ड्युटी बदलताना पुढचीला पेशंट सोपवताना) कोणी 'बेड नंबर सातचं बीपी ११०' म्हणाली की मी विचारायची, "आधी?" उत्तर नसेल तर तिला परत सातकडे पाठवायची, बाहेर रिक्षा थांबलेली असली तरी. रात्री तीनला रेसिडेंट डॉक्टरांना उठवायची. कित्येकदा काहीच निघालं नाही. एकजण म्हणाला होता, "सिस्टर, नाडी ९६ नॉर्मल असते, तुम्हाला शिकवलं नाही का?" मी म्हटलं, "शिकवलंय. दहाला ७० होती." उठला बिचारा, तोंड वाकडं करून. त्या रात्रीही काही निघालं नाही. मला त्याची लाज वाटत नाही. जरा जास्तच करायची मी, हे तुझ्या काकांचं मत. त्यांनी तो लाल जिना बघितलेला नाही.

बरं, अभ्यासाकडे. सीओपीडीत (फुप्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजारात) रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ कसं चालतं, म्हणून तू गोंधळली होतीस. चालतं, कारण वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या त्या आजोबांचं रोजचं तेवढंच असतं. ९० बघून घाईनं भरपूर ऑक्सिजन चालू केलास तर कार्बन डायऑक्साइड साठून ते सुस्तावतील. 'एरवी किती असतं?' हे त्यांच्या मुलाला विचार, जुना डिस्चार्ज कागद माग.

भाजल्याच्या गणितात सगळ्याजणी एकाच ठिकाणी चुकतात. किती सलाइन द्यायचं त्याचं पार्कलंडचं सूत्र तुला येतं, ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजलेल्या अंगाचे टक्के. ६० किलोचा माणूस, ३० टक्के भाजलेला, म्हणजे ७२०० मिली, त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. आठ तास कधीपासून? भाजल्यापासून! तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून आला असेल, तर ३६०० मिली तुला सहा तासांत द्यायचेत, तासाला ६००. तुझ्या वहीत ४५० लिहिलंय. आणि हे सूत्र सुरुवातीपुरतं. पुढचं त्याची लघवी सांगते.

केअर प्लॅन मात्र बघून मी खरंच वही मिटली. प्रत्येकाच्या शेवटच्या रकान्यात 'गोल पार्शली मेट', म्हणजे उद्दिष्ट अंशतः साधलं. सगळ्या बॅचेस हेच लिहितात, तुमच्या मॅडमनीही तेच लिहिलं असेल त्यांच्या वेळी. कशावरून पार्शली? 'वेदना ८ होती, इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं ४', असं लिही. 'सूज कमी' नको, 'वजन काल ६२ किलो, आज ६१, त्याच काट्यावर, नाश्त्याआधी' लिही. हार्ट फेल्युअरमध्ये एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी, हे त्या एका ओळीत आपोआप येतं.

काही गोष्टी मात्र निव्वळ पाठ करायच्या. तिथे माझा प्रश्न विचारत बसू नकोस. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. रक्त चढवताना थंडी वाजली, कंबर दुखली की आधी रक्त बंद, शीर नव्या सेटनं सलाइनवर चालू ठेवायची, मग फोन. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर जोडलेल्या) हाताला बीपीचा पट्टा नाही. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर उशाशी ट्रेकिऑस्टॉमी सेट (गळ्यातून श्वासाला वाट करायचा) आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, आणि रक्त बघायला हात मानेच्या मागे घालायचा, कारण ते ओघळून मागेच जातं. डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीआधी पूर्ण एक मिनिट नाडी, ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून कळवायचं.

दर १२ मे ला तुम्ही मेणबत्त्या लावता, नाइटिंगेलबाईंचा दिवा म्हणून. मला त्या दिव्याचं कधी फार वाटलं नाही. मला त्यांची ती १८५८ सालची आकृती आवडते. क्रिमियाच्या युद्धातले मृत्यू महिन्यामागून महिना, शेजारी शेजारी मांडलेले. जखमांनी किती गेले आणि टाळता येणाऱ्या रोगांनी किती, हे बघितल्याबरोबर कळतं. मोजणारे लोक तेव्हाही होतेच की.

पुढच्या रविवारी ये. वह्या आणू नकोस, एक ग्राफचं पुस्तक आण. मी पोहे करते. तोपर्यंत गाडीत दिघा-ऐरोली करताना याचं उत्तर काढ. ५८ वर्षांच्या बाई, हार्ट फेल्युअर, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) आणि डिगॉक्सिन चालू. नाडी सोमवारी ८०, मंगळवारी ७२, आज सकाळी ६२. नाश्ता नको म्हणतात, मळमळतंय, आणि ट्यूबलाइट पिवळी का दिसतेय विचारतात. पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय. आठ वाजलेत, औषधांची ट्रॉली त्यांच्या बेडपाशी आलीय, गोळी तुझ्या हातात आहे.

देशील?

तुझी,
काकू