एबीएसचा दिवा : मॉड्यूल बदलायच्या आधी बेअरिंग बघा

दादा, २०११ ची डिझेल गाडी, पुढचं डावं बेअरिंग बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा दिवा, आता मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, बदला म्हणतायत, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझं अगदी हेच झालेलं, फक्त चाक उजवं.

फ्यूज, बॅटरी, ब्रेक ऑइल तुम्ही बघितलं असणारच. मला एवढंच सांगा, चावी फिरवल्यावर दिवा पेटून विझतो आणि गाडी जरा पुढं गेली की परत लागतो का? तसं असेल तर बहुतेक चाकाच्या वेगाचा सिग्नलच येत नाहीये.

मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला उजव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, सेन्सर बदलला, दिवा तसाच, मग म्हणे मॉड्यूल गेलं, ३८ हजार. चालत्या गाडीत चारी चाकांचा स्पीड बघितला का विचारलं तर म्हणे आमच्यात तसं करत नाहीत. आणि तरी मी हो म्हटलं, तीच माझी घोडचूक. मॉड्यूल बसलं, दिवा तसाच, आणि बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही म्हणून हात वर. पाच-सहा चकरा मारल्या, कोणी नीट बोललं पण नाही. अजून राग जात नाही.

शेवटी दुसऱ्याकडून एबीएस वाचणारा स्कॅनर लावून सोलापुरात विजापूर रोडला गाडी फिरवली, तीन चाकं २० दाखवतायत आणि उजवं शून्य. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे पार्ट करणारे एक लेथवाले काका ओळखीचे, त्यांच्या प्रेसवर बेअरिंग काढलं. काकांनी त्याच्यावर पेपरचा तुकडा ठेवला, वर लोखंडाचा बारीक कीस भुरभुरला आणि टिचकी मारली. एका बाजूला किसाच्या बारीक रेघा गोल उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या रेघांच्या बाजूच्या सीलमध्ये चुंबक असतं, सेन्सर तेच मोजतो, म्हणून ती बाजू सेन्सरकडे हवी, आणि माझं बेअरिंग उलटं ठोकलेलं! चाक मस्त फिरतं, आवाज नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. प्रेसनं काढलेलं बेअरिंग मात्र परत वापरू नका, नवीनच घाला.

मी मेकॅनिक नाही, त्यात चुंबकाऐवजी दातेरी रिंग असलेल्या गाड्यांचं वेगळं असतं, तिथं रिंग गंजून तडकते आणि हळू ब्रेक मारला तरी पायाखाली पेडल घरघरतं. पाचशे रुपयांचे ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, त्यात पैसे घालू नका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सेन्सरच्या कनेक्टरमध्ये जातो, ते पण उघडून बघा.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबला की चाक लॉक होऊ शकतं, अंतर ठेवून चालवा. सोबत ब्रेकचा लाल दिवा पण लागला तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, हायवेला अजिबात नेऊ नका, हंगामात उसाचे ट्रॅक्टर पण असतात, ऐका माझं.

आणि बेअरिंगचं बिल असेल तर पार्ट नंबर बघून मला कळवा, कारण त्याच मापात बिनचुंबकाचं पण मिळतं, ते घातलं असेल तर सुलटं-उलटं कसंही बसवलं तरी दिवा जाणार नाही.