आधी ब्लँक केलंत का?

बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स जवळ आली की माझ्याकडे तेच तेच प्रश्न फिरून येतात, आणि आता त्यात व्हॉट्सॲपवरचे भेसळवाले व्हिडिओ बघून घाबरलेले पालकही असतात. म्हणून एकदाच सगळ्यांना इथे उत्तरं देते.

मॅडम, फ्लेम टेस्टला (ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखतात ती) माझा प्रत्येक सॉल्ट, म्हणजे ओळखायला दिलेला क्षार, पिवळाच जळतो. सगळे सोडियमचे दिलेत का?

नाही, ज्या तारेवर सॉल्ट घेऊन ज्योतीत धरायचा ती तुझी तार घाण आहे. कॉन्सन्ट्रेटेड एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये) बुडवायची, ज्योतीत धरायची, रंग यायचा थांबेपर्यंत हेच करायचं, आणि तारेच्या टोकाला बोट लावायचं नाही, घामातही मीठ असतं, म्हणजे सोडियम.

नायट्रेट असल्याची खूण म्हणजे ब्राऊन रिंग, ती येतच नाही. सॉल्ट चुकीचा असेल का?

सॉल्टवर ढकलण्याआधी फेरस सल्फेटचं सोल्युशन कधी केलंय ते बघ. सकाळी करून ठेवलेलं हिरवट सोल्युशन दुपारपर्यंत पिवळसर झालं असेल तर ओतून टाक, ताजं कर. सल्फ्युरिक ॲसिड टेस्ट ट्यूब तिरकी धरून काचेवरून थेंब थेंब सोडायचं, आणि मुलं नंतर ट्यूब हलवून बघतात "मिक्स झालं का" म्हणून, अरे मिक्स झालं तर रिंग राहील कुठे! सॉल्टमध्ये ब्रोमाईड किंवा आयोडाईड असण्याची शंका असेल तर ही टेस्ट फसवते, तेव्हा आधी सरांना विचार.

सीनियर म्हणतो तिसऱ्या ग्रुपला (ॲल्युमिनियमसारखे धातू ओळखायच्या पायरीला) अमोनियम क्लोराईड घालणं नुसती फॉर्मॅलिटी आहे.

सीनियरचे मार्क विचार. अमोनियम क्लोराईड नसेल तर अमोनियम हायड्रॉक्साईड घातल्यावर पुढच्या ग्रुपमधलं मँगनीज, मॅग्नेशियमसुद्धा खाली बसायला लागतं आणि तुम्ही तो पीपीटी (तळाशी बसलेला साका) ॲल्युमिनियम म्हणून लिहून मोकळे.

आमच्या टेबलावर सात जणांना वेगवेगळे सॉल्ट होते, पण सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सगळ्यांचंच पांढरं झालं. सगळ्यांनी क्लोराईड लिहिलं आणि बऱ्याच जणांचे मार्क गेले. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) चुकले ना?

आता जरा बसून वाच. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझं डोकं उठतं.

टेस्ट ट्यूब कशाने धुतली? नळाच्या पाण्याने. त्या पाण्यातच क्लोराईड असतं, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाक आणि बघ, दुधाळ होतं. दुसरं, ॲसिडिक करायला नायट्रिक ॲसिड घ्यायचं असतं, शेजारची एचसीएलची बाटली उचललीस तर क्लोराईड तूच घातलंस, मग सापडणारच. आणि ॲसिड घालायचं विसरलास तर कार्बोनेटसुद्धा पांढरा पीपीटी देतो. म्हणजे चुकायचे रस्ते तीन, आणि दिसतं सगळीकडे पांढरंच.

मी एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेले होते, कॉलेजचं नाव नको. वीस मुलांच्या बॅचमध्ये मॅग्नेशियम सल्फेट मिळालेल्या पोरानेही क्लोराईड लिहिलेलं. मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतला, थोडं पाणी ट्यूबमध्ये ओतलं, सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पांढरं. डिस्टिलेशनचं युनिट तीन आठवडे बंद होतं आणि कॅन नळाखाली भरला जात होता. तीन आठवडे! कोणी रिपेअरवाल्याला फोन केला नाही, कोणी मुलांना सांगितलं नाही. त्या दिवशी मी मार्क कापले नाहीत, पण एकाही मुलाने ब्लँक केलं नव्हतं याचं मला जास्त वाईट वाटलं.

ब्लँक म्हणजे काय, तर तीच ट्यूब, तेच पाणी, तेच रिएजंट (टेस्टसाठी घालायचं रसायन), फक्त सॉल्ट नाही. दोन मिनिटांचं काम. शेजारी दुसऱ्या ट्यूबमध्ये साधं मीठ घेऊन तीच टेस्ट कर, म्हणजे खरा क्लोराईड कसा दिसतो ते कळेल: दह्यासारखे जाड गठ्ठे, आणि अमोनियम हायड्रॉक्साईड घातलं की विरघळतात. नुसती झाक आणि गठ्ठे यातला फरक डोळ्याला एकदा कळला की परत सांगावा लागत नाही. मार्कांचं मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमच्या सरांना घेऊन बोला.

२९९ रुपयांत "शंभर टक्के येणारे सॉल्ट" अशी पीडीएफ मिळतेय, घेऊ का?

त्या पैशांत मिसळ खा.

व्हिडिओत दाखवलं तसं हळदीवर बाथरूमचं ॲसिड टाकलं, लाल-गुलाबी झाली. म्हणजे भेसळ ना? दुकानदाराशी भांडण झालंय.

काकू, आधी ते ॲसिड स्वयंपाकघरातून बाहेर न्या, आणि ब्लीचच्या बाटलीजवळ ठेवू नका, दोन्ही एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. आता हळद. चांगली हळदसुद्धा कडक ॲसिडमध्ये लाल होते, तो हळदीतल्या पिवळ्या रंगाचा, करक्युमिनचाच गुण आहे. बघायचं असतं ते पुढे, पाणी घातल्यावर रंग जातो की राहतो. राहिला तर मेटॅनिल यलो या भेसळीच्या कृत्रिम रंगाचा संशय. तुम्ही सांगताय त्या व्हिडिओत पाणी घालणं दाखवलंच नाही आणि शेवटी तोच माणूस स्वतःची "शुद्ध" हळद विकतोय, यात काय ते समजा. आणि लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) असेल तर त्याबद्दल ही टेस्ट काहीच सांगत नाही. इथेही माझा प्रश्न तोच, सांगलीचं हळकुंड आणून घरी कुटून त्याच्याशी ताडून बघितलंत का? नाही ना. मग भांडण थांबवा. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात कलम ४० आहे, फी भरून ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो, फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. नमुना खराब निघाला तर फी परत मिळते. अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन नीट विचारा.

गोठ्यात काळपट करड्या पावडरचा डबा आहे, लेबल गेलंय, चार वर्षं पडून आहे. लसणासारखा वास येतो. थोडं ॲसिड टाकून काय आहे ते बघू का? भाऊ म्हणतो जिभेला लावलं तर कळेल.

नाही. नाही. भावालाही सांगा नाही. उंदराचं औषध, झिंक फॉस्फाईड, असंच दिसतं आणि त्यावर ॲसिड पडलं की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. पोटातही ॲसिडच असतं, त्यामुळे जिभेची आयडिया तर विसराच. परत वासही घेऊ नका. तो डबा ओला होऊ देऊ नका, उघडू नका, पोरं आणि गुरं लांब ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना फोन करून विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. कोणाच्या पोटात गेलंय अशी शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता सरळ हॉस्पिटल, आणि कशाची शंका आहे ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. चार वर्षं ठेवलात, आता आणखी आठवडा नको, फोन उद्या सकाळीच करा.