वाचकांचे प्रश्न : दुरुस्तीचा क्रम कोणाच्या हाती?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. आमचे ज्येष्ठ जॉबर, म्हणजे लूम (यंत्रमाग) दुरुस्त करणारे कारागीर, कामात वाकबगार आहेत. मात्र कामगारांना ते सर्वांदेखत वाटेल ते बोलतात. निर्यातीचा माल वेळेत पाठवायचा असल्याने त्यांना दुखावता येत नाही. आधी माल पाहावा की वागणूक?

उत्तर : आपण वेगळ्या मानलेल्या या दोन गोष्टी बंद पडलेल्या लूमपाशी एकत्र येतात. टेरीच्या लूमवर दोन बीम, म्हणजे उभे सूत गुंडाळलेले रूळ, असतात. ज्या सैल बीमच्या सुतातून टॉवेलचे लूप उठतात, त्याचा ताण बिघडला की जॉबर येईपर्यंत विणकराला हात बांधून उभे राहावे लागते, आणि मजुरी नगावर असेल तर तो वेळ त्याच्याच खिशातून जातो. जॉबर कितीही टाकून बोलले तरी विणकर गप्प बसतो, तो उलट बोललो तर आपला लूम सर्वांत शेवटी लागेल या धास्तीने. (जॉबर दुखावतील ही काळजी आपल्या पत्रात आहे, विणकरांविषयी तशी दिसत नाही.)

म्हणून प्रथम दुरुस्तीचा क्रम स्वतःकडे घ्या. प्रत्येक पाळीला एका वहीत लूमचा क्रमांक, तो बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ लिहवून घ्या; निर्यातीचा माल ज्या लूमवर आहे तो आधी, बाकीचे बंद पडल्याच्या क्रमाने, असा नियम सर्वांना सांगा. आठवडाभरात कोणाचा लूम विनाकारण ताटकळतो, ते वहीच सांगेल.

त्यानंतर जॉबरना एकटे बोलावून, स्वभावाविषयी शेरे न मारता, अमुक पाळीत अमुक शब्द वापरले गेले, एवढेच समोर ठेवा. त्यांच्या हाताखाली एक होतकरू कामगार तयार करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवा. एकाच माणसावर कारखाना अडत असेल तर आपण दिलेल्या समजेला वजन येणार नाही. फरक पडला नाही तर लेखी ताकीद द्यावी, आणि कामावरून कमी करण्याची वेळ आलीच तर आरोपपत्र देऊन, त्यांचे म्हणणे ऐकून, रीतसर खातेनिहाय चौकशी करावी.

शिलाई विभागातील महिलांना उद्देशून अश्लील बोलले जात असेल तर मात्र हा क्रम लागू नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार, अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार तिच्याकडेच जावी, आणि तक्रारदार महिलेने स्वतः मागणी केल्याशिवाय समेटाचा विषय कोणी काढू नये.