चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स' आज कशाला वाचायच्या? पुढच्या साहित्यात त्यातलं खरंच काही उरलंय का?

उरलंय, आणि भरपूर उरलंय. पण त्यातल्या २४च्या २४ गोष्टींबद्दल बोलत बसलो तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून मी एकच घेतो, माझी सगळ्यात आवडती, पार्डनरची.

आधी थोडक्यात बॅकग्राउंड. चॉसरने हे १३८७च्या आसपास लिहायला घेतलं आणि १४००मध्ये तो गेला तेव्हा ते अर्धवटच होतं. लंडनजवळच्या टॅबर्ड नावाच्या सराईतून यात्रेकरू कँटरबरीला संत थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेत आणि वाटेत गोष्टी सांगतायत. पार्डनर म्हणजे पापक्षमेची पत्रं विकत गावोगाव हिंडणारा माणूस.

त्याची गोष्ट अशी. प्लेगची साथ चालू आहे, तीन दारुडे मित्र मृत्यूलाच ठार मारायचं म्हणून निघतात, वाटेत एक म्हातारा त्यांना सांगतो की मृत्यू त्या ओकच्या झाडाखाली आहे, तिथे बघतात तर सोन्याच्या नाण्यांचा ढीग! मग धाकट्याला गावात पाव आणि वाइन आणायला पाठवतात, मागे हे दोघं तो आला की भोसकायचं ठरवतात आणि तिकडे तो औषधवाल्याकडून उंदरांचं विष घेऊन दोन बाटल्यांत घालतो, तिसरी स्वतःसाठी चांगली ठेवतो. तिघंही मरतात.

आता हा प्लॉट चॉसरचा नाहीच. आपल्याकडच्या पाली वेदब्भ जातकात (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट) हजारभर चोर धनासाठी एकमेकांना कापत सुटतात, शेवटी दोन उरतात, एक तलवार घेऊन राखण करतो आणि दुसरा भातात विष कालवून आणतो. जातक चॉसरच्या कितीतरी शतकं आधीचं. पुढे किपलिंगच्या मोगलीच्या एका कथेत रत्नजडित अंकुशापायी एका रात्रीत सहा माणसं मरतात आणि तिथलं विष धोतऱ्याचं असतं. हॅरी पॉटरमधली तीन भावांची आणि मृत्यूची गोष्ट तर पार्डनरवरून सुचली असं रोलिंगबाईंनी स्वतःच सांगितलंय.

मग चॉसरने काय केलं? त्याने ही गोष्ट लोभी माणसाच्याच तोंडी घातली, आणि माझ्या मते खरी कमाल इथे आहे. पार्डनर आधी सगळ्यांना उघड सांगतो की माझ्या काचेच्या बाटल्यांत नुसत्या चिंध्या आणि हाडं आहेत आणि लोकांना ते पवित्र अवशेष वाटतात, लोभ वाईट हेच प्रवचन मी रोज देतो ते पैशासाठी, आणि एवढं सांगून तो ही गोष्ट इतकी जबरदस्त सांगतो की अंगावर काटा येतो, आणि ती संपल्या संपल्या त्याच लोकांना क्षमापत्रं विकायला बघतो! यात्रेत बरोबर आलेला सराईचा मालक एवढा भडकतो की शेवटी यात्रेकरूंमधल्या सरदाराला मध्ये पडून दोघांचं मिटवावं लागतं. सांगणारा खोटा पण गोष्ट खरी, हे असं रचणं सहाशे वर्षांपूर्वी म्हणजे विचार करा.

आणि तो म्हातारा. मृत्यू त्याला नेत नाही म्हणून तो काठीने जमिनीवर ठोकत हिंडतो, आई मला आत घे म्हणत. दोन-चार ओळीच आहेत, पण त्या माझ्या डोक्यातून जात नाहीत.

वाचायचं असेल तर नेव्हिल कॉगहिलचं आधुनिक इंग्रजी भाषांतर घ्या आणि पहिल्यापासून सुरू करू नका, पार्डनरची प्रस्तावना आणि गोष्ट एका बैठकीत वाचा, प्रस्तावना अजिबात सोडू नका.