जहाजाच्या व्हीसॅट अँटेनावर (उपग्रहाशी जोडणारी, डोममधली डिश) अधूनमधून पेडेस्टलचा (डिश फिरवणाऱ्या बैठकीचा) एरर येतोय. नवीन कंट्रोल युनिट थेट बसवू का?

थेट बसवू नका. तुम्ही लिहिलंय की खालच्या एसीयूवर (अँटेनाचं मुख्य नियंत्रण युनिट) ‘पेडेस्टलशी संपर्क नाही’ असा एरर येतो आणि आपोआप जातो, वळताना उपग्रह सुटतो, आणि कंपनीने डोममधलं पीसीयू (पेडेस्टलचं कंट्रोल युनिट) बदलायला नवीन पाठवलंय. मीही ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) आहे. येणारा-जाणारा एरर बहुतेक वेळा केबल, कनेक्टर किंवा सप्लायचा निघतो. बोर्ड गेला की सहसा पुरताच जातो.

वर चढण्याआधी मोडेमवरून ट्रान्समिशन बंद करा, ब्रेकर पाडून टॅग लावा, ब्रिजला सांगून जवळची रडार थांबवा आणि उंचीवरच्या कामाचं परमिट घ्या. यात घाई नको. चालू ट्रान्समीटरच्या डिशसमोर उभं राहणं धोक्याचं आहे.

डोमच्या तळाचा एन कनेक्टर (केबलचा आट्यांचा जोड) उघडून नीट बघा. मधली पिन चकचकीत हवी. तिच्यावर हिरवट झाक किंवा बाजूला पांढरी पावडर दिसली तर खारं पाणी आत शिरलंय. अशा वेळी पुसून भागत नाही. केबलची जाळी काळी पडली असेल तर स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि नवा कनेक्टर लावा. मग पॉवर बंद असतानाच डिश हाताने हळूहळू पूर्ण गोल फिरवा. बेल्टचे दात, अडखळणारी जागा, घासलेली वायर हाताला लगेच कळते. त्यानंतर पॉवर देऊन, डिश फिरण्याच्या कक्षेबाहेर राहून, पीसीयूच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, तेही मोटर चालू असताना. लॅपटॉप थेट पीसीयूच्या पोर्टला जोडा. तिथे ते व्यवस्थित उत्तर देत असेल आणि खाली एसीयूवर एरर असेल, तर दोष बहुधा मधल्या वाटेत आहे: केबल, स्लिप रिंग किंवा रोटरी जॉइंट (डिश फिरत असताना वीज आणि सिग्नल पुढे नेणारे फिरते जोड). बोर्ड बहुधा निर्दोष आहे.

वळताना उपग्रह सुटणं ही वेगळी तक्रार असू शकते. एसीयूवरचं हेडिंग (जहाजाच्या नाकाची दिशा) आणि ब्रिजवरचा गायरो रिपीटर (गायरो होकायंत्राची दिशा दाखवणारी तबकडी) वळण चालू असताना जुळवून बघा. १ मीटरच्या डिशचा केयू बँडमधला (व्हीसॅटच्या एका वारंवारता-पट्ट्यातला) झोत जेमतेम पावणेदोन अंशांचा असतो. हेडिंग अडकलं किंवा उड्या मारू लागलं की अँटेना आकाशात भलतीकडेच शोधत बसते.

एवढं करूनही पीसीयूच दोषी ठरलं, तर बदला. पण जुनं काढण्याआधी एसीयूच्या सेटिंगच्या एकूण एक पानाचे फोटो काढा आणि बॅकअप फाइल घ्या: अझिमथ (आडवी दिशा) आणि एलिव्हेशनचे (उंचीचा कोन) ऑफसेट म्हणजे दुरुस्तीचे आकडे, पोलरायझेशन (लहरींच्या कंपनाची दिशा), ब्लॉकेज झोन (जहाजाचेच भाग डिशच्या आड येतात ती दिशा), गायरोचा प्रकार. हे आकडे त्याच जहाजावर मोजून भरलेले असतात, नव्या डब्यात ते येत नाहीत. शिवाय एकच पीसीयू अनेक मॉडेलना चालतं. मॉडेल चुकीचं भरलं तर डिश थरथरते किंवा सुरुवातीच्या चाचणीतच एरर देते. फर्मवेअर एसीयूशी जुळतंय का हेही बघा. सेन्सरचा डबा सोडवावा लागला तर त्यावरच्या बाणाची दिशा खूण करून ठेवा.

आता ट्रिम, म्हणजे ऑफसेट नेमका बसवणं. मुंबईहून जवळपास त्याच रेखांशावरचा भूस्थिर उपग्रह दक्षिणेला सुमारे ६८ अंश उंचीवर दिसतो, रॉटरडॅमला त्या गावाच्या रेखांशावरचा सुमारे ३० अंशांवर. तुमच्या जागेचा आकडा असाच आधी काढून ठेवा. योग्य उपग्रहावर लॉक मिळाल्यावर प्रत्यक्ष कोन आणि हिशेबातला कोन यांत जो फरक असेल, तोच ऑफसेट. फक्त सिग्नलचा आकडा वाढला म्हणून लॉक मानू नका, शेजारचा उपग्रहही सापडू शकतो. मोडेमने आपलं नेटवर्क ओळखलं, तरच खरं.

सेवा देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण केंद्राशी बोलून क्रॉस-पोल तपासणी (आपला सिग्नल दुसऱ्या पोलरायझेशनमध्ये गळत नाही ना, हे पाहणं) होईपर्यंत ट्रान्समिट सुरू करू नका. पोलरायझेशन थोडं जरी चुकलं तरी दुसऱ्याच्या सेवेत व्यत्यय येतो. आणि जुनं पीसीयू लगेच परत पाठवू नका. नवीन युनिट बंदरात नाही, रोलिंग असलेल्या समुद्रात तपासलं जातं. तोवर जुनं जहाजावरच राहू द्या.