आवास योजनेत वरच्या मजल्याचं घर लागलं तर? आई वॉकरवर चालते, सोलापुरात तळमजला मागता येतो का?

हो, मागता येतो, आणि सोडत निघण्याआधीच लेखी मागा. पंतप्रधान आवास योजना (शहरी) हिच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा असं म्हटलंय. मात्र त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द विसरू नका. तो हक्क नाही, प्राधान्य आहे. म्हणून अर्जासोबत आईचा वयाचा पुरावा, असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत नंतर अदलाबदल करून घेणं म्हणजे नुसते हेलपाटे.

तळमजला मिळाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. ताबा घेताना टेप घेऊन जा:
- रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब लागतो. पाच-सहा फुटांची घसरगुंडी कामाची नाही.
- संडासाचं दार. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, त्यामुळे अडीच फुटी दारातून जेमतेम जातो. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या, आत कुणी पडलं तर दार ढकलताच येत नाही.

कुंभारीच्या रे नगरसारख्या मोठ्या वसाहतीत घर असेल तर बस थांबा किती लांब आहे तेही एकदा दुपारी चालून बघा. मे महिन्यातलं सोलापूर तुम्हाला माहीतच आहे.